राखून ठेवलेली ताकद कुणाची?

नवी डिझेल गाडी दारात उभी राहिली की काही आठवड्यांतच एक सल्ला मिळतो: चिप टाकून घे. सल्ला देणारा गाड्यांतला जाणकार असतो, त्याने स्वतःच्या गाडीत ती टाकलेली असते आणि त्याचे म्हणणे अगदी सरळ असते. कंपनीने इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवली आहे, थोडा खर्च केला आणि तासभर दिला की ती मोकळी होते. पिकअप सुधारतो, घाटात गिअर कमी बदलावे लागतात, वर ॲव्हरेजही वाढते. सर्वसाधारणपणे २० ते ३० टक्के जास्त ताकदीची हमी दिली जाते, आणि चांगल्या माणसाकडून काम करून घेतले तर तेवढी ती मिळतेही. या सल्ल्यात खोटे काही नाही असे वाटावे, इतका तो अनुभवाने सिद्ध झालेला आहे.

तरीही माझे मत आधीच सांगतो. आज आपल्याकडे ज्या रीतीने ही चिप बसवली जाते, त्या रीतीने ती नव्या डिझेल गाडीत बसवू नये. इंजिन बसेल ही भीती माझ्या मतामागे नाही. बहुतेक इंजिने लगेच बसत नाहीत. माझा आक्षेप असा आहे की कंपनीने राखून ठेवलेली ती ताकद एकट्या मालकाची नसते. तिच्यात गिअरबॉक्सच्या आयुष्याचा, गाडीच्या पुढच्या मालकाचा, विमा उतरवणाऱ्याचा आणि सिग्नलला आपल्या सायलेन्सरमागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या फुप्फुसांचा वाटा असतो. तो वाटा न विचारता उचलला जातो आणि चिपचे सगळे तंत्रच न विचारण्यावर उभे आहे.

ते तंत्र फार थोडे विक्रेते समजावून सांगतात, म्हणून जरा तपशिलात जाऊ. पूर्वी ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, डबा उघडून आतली मेमरीची चिप खरोखरच बदलत. आता दोन रीती आहेत. एक, बाहेरून जोडायचा ट्यूनिंग बॉक्स. दुसरी, स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लॅपटॉप जोडून ईसीयूतला प्रोग्राम बदलायचा, म्हणजे रिमॅप. नवी गाडी घेतलेला माणूस बहुधा बॉक्सकडे वळतो, कारण सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी तो काढून ठेवता येतो.

१९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल डिझेल इंजिन प्रवासी मोटारींत आले आणि डिझेलचा खडखडाट व धूर दोन्ही कमी झाले. या इंजिनात पंप डिझेलला एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, १,६०० ते २,००० बार दाबाने भरून ठेवतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून या दाबाची कल्पना यावी. रेलवरचा सेन्सर हा दाब सतत मोजून ईसीयूला कळवतो. दाब ठाऊक असला की इंजेक्टर किती मायक्रोसेकंद उघडा ठेवायचा याचा हिशोब ईसीयू करते. आधी थोडेसे डिझेल, मग मुख्य मात्रा, गरज पडली तर नंतर आणखी थोडे. नाशिकला बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात. मायक्रॉनमध्ये मोजावे लागणारे हे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या हिशोबाची किंमत सांगावी लागत नाही.

बॉक्स नेमका याच ठिकाणी घुसतो. सेन्सरचा प्लग काढून तो मध्ये जोडला जातो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला कळवतो. ईसीयूला १,६०० बार हवे असतील तर ते आकडा १,६००वर येईपर्यंत दाब वाढवत राहते. तोवर रेलमधला खरा दाब त्याच्या बराच वर गेलेला असतो. इंजेक्टर मात्र जुन्या हिशोबाइतकाच वेळ उघडतो, त्यामुळे डिझेल जास्त जाते. दुकानदाराच्या काट्याच्या पारड्याला खालून बोट लावून जास्त माल पदरात पाडावा, तसा हा प्रकार आहे. ताकद वाढते ती इंजिन जास्त हुशारीने चालल्यामुळे नव्हे, त्याला चुकीचे सांगितल्यामुळे.

ॲव्हरेज वाढल्याच्या गोष्टीचा उलगडाही पुष्कळदा इथेच होतो. डॅशबोर्डवर दिसणारे ॲव्हरेज टाकीतले डिझेल मोजून काढलेले नसते. आपण किती डिझेल सोडले याचा ईसीयूने केलेला हिशोबच तिथे दिसतो. दाबच कमी कळवला, तर सोडलेले डिझेलही त्याच्या लेखी कमी. म्हणून बॉक्स बसवताच स्क्रीनवरचा आकडा सुधारतो आणि मालक आनंदाने तो फोटो मित्रांना पाठवतो. खरे ॲव्हरेज टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा काठोकाठ भरल्यावरच कळते. कमी आरपीएमला जास्त टॉर्क मिळाल्यामुळे सावकाश चालवणाऱ्याचे थोडे डिझेल वाचू शकते, हे मान्य आहे. पण जास्त ताकद वापरायची आणि डिझेलही कमी लागायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत नाहीत.

चुकीची माहिती एका ठिकाणी थांबत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांनुसार बनलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यात काजळी किती साठली याचा अंदाज ईसीयू दाबाच्या फरकावरून आणि स्वतः सोडलेल्या डिझेलवरून बांधते, आणि ठरावीक मर्यादेनंतर जादा डिझेल सोडून ती जाळून टाकते. प्रत्यक्ष डिझेल जास्त गेले तर काजळी अंदाजापेक्षा लवकर साठते. मग जाळण्याची पाळी वारंवार येते आणि त्या जादा डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होते. रोज हिंजवडी ते कोथरूड अशी रखडत चालणारी गाडी असेल तर हा त्रास आधीच असतो, चिपने तो वाढतो. दुसरे उदाहरण उंचीचे. हवा विरळ झाली की टर्बोला तेवढाच दाब देण्यासाठी फार वेगाने फिरावे लागते, म्हणून ईसीयू उंचीवर बूस्ट कमी करून टर्बोचा बचाव करते. काही बॉक्स बूस्टच्या सेन्सरलाही चुकवतात. अशी गाडी पुण्याहून लेहला नेणाऱ्याने खारदुंगच्या चढावर आपण कुठला पहारेकरी झोपवून आलो आहोत, याचा विचार करावा.

रिमॅप करणाऱ्यांतले काही जण खरे कारागीर आहेत, हे मला मनापासून सांगायचे आहे. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून, एक्झॉस्टचे तापमान, बूस्ट, काजळी सगळे पाहत ते नकाशा, म्हणजे ईसीयूतला हिशोबाचा तक्ता, थोडा-थोडा बदलतात, आणि कुठे थांबायचे ते त्यांना कळते. यंत्रावर प्रेम असल्याशिवाय हे काम होत नाही. बॉक्सवाल्यांना आणि त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण कारागिरी कितीही चांगली असली, तरी पुढचे प्रश्न तिने सुटत नाहीत.

पहिला प्रश्न ‘दाबून ठेवलेल्या’ ताकदीचा. एकच इंजिन कंपन्या वेगवेगळ्या ताकदीत विकतात, हा या मताचा मोठा पुरावा मानला जातो. वस्तुस्थिती खरी आहे. रांजणगावच्या कारखान्यात पूर्वी बनणारे फियाटचे १.३ मल्टिजेट घ्या. ते सुमारे ७५ पीएसलाही मिळायचे आणि सुमारे ९० पीएसलाही. मात्र जास्त ताकदीच्या इंजिनाला व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो होता, कमी ताकदीच्या इंजिनाला साधा. म्हणजे फरक नुसता प्रोग्रामचा नव्हता. त्याहून बोलके उदाहरण चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचे आहे. १७५ पीएसचे तेच २.२ डिझेल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर ३७० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि ऑटोमॅटिकबरोबर ४००. इंजिन तेच, बदललेला आहे गिअरबॉक्स. हे ३० न्यूटन-मीटर कंपनीने कंजूषपणाने दाबून ठेवले, असे म्हणणार का?

गिअरबॉक्सचाच आणखी एक दाखला. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातून पूर्वी निघणाऱ्या व्हेंटोचे १.५ टीडीआय इंजिन २५० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. त्याला जोडलेला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, डीक्यू२०० नावाचा, २५० न्यूटन-मीटरसाठीच बनवलेला आहे. बरोबर तेवढ्याच. या गाडीला २५ टक्के वाढीचा रिमॅप केला की टॉर्क ३१२वर जातो. इंजिन ते सहन करील, पण क्लचचा जोड कितीसाठी बनवला आहे हे लॅपटॉपवर बदलता येत नाही. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट आणि ड्युअल मास फ्लायव्हील हीच पहिली नमतात, आणि ती बदलायचा खर्च चिपच्या किमतीपेक्षा जास्त निघू शकतो.

कंपनी ताकद राखून ठेवते ती कुणासाठी? ऑइल बदलायला उशीर करणाऱ्यासाठी. चंद्रपूरच्या मे महिन्यात एसी लावून, सात माणसे आणि टपावर सामान घेऊन निघालेल्यासाठी. आडगावच्या पंपावर भेसळीचे डिझेल नशिबी आलेल्यासाठी. मी नीट वापरतो, मला एवढी राखीव ताकद नको, असे सुजाण मालक म्हणू शकतो, आणि त्याच्या गाडीपुरते ते खरेही असेल. पण ती गाडी पाच-सहा वर्षांनी दुसऱ्याच्या हातात जाणार आहे. तोवर मूळ प्रोग्राम परत टाकलेला असेल, बॉक्स ऑनलाइन विकला गेला असेल, आणि ज्या क्लचने, ज्या टर्बोने जादा भार सोसला तो मात्र गाडीतच असेल. घेणारा मीटरवरचे किलोमीटर आणि सर्व्हिसचा इतिहास पाहून किंमत देईल. त्यात या गोष्टीची नोंद नसेल.

आता धुराकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा तोच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, आणि कणांची २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर. या एका पावलासाठी तेल कंपन्यांनी रिफायनऱ्या बदलल्या, गाड्या महागल्या, छोट्या डिझेल गाड्या परवडेनात म्हणून मारुतीने डिझेल बनवणेच सोडले. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. तिथे किंवा तिच्यासारख्या संस्थेत प्रत्येक मॉडेलची चाचणी होते आणि मगच ते विकता येते. आपण भरलेल्या जादा पैशांत या स्वच्छतेची किंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात टाकला. नायट्रोजन ऑक्साइड तर डोळ्यांना दिसतही नाही.

जास्त डिझेल, जास्त तापमान, ईजीआरमधून इंजिनात परत फिरणाऱ्या धुराचा कमी केलेला फेरा, या सगळ्यांनी तो चाचणीतला आकडा मोडतो. किती मोडतो हे गाडीगणिक वेगळे असेल, पण मालकाला ते कधीच कळत नाही, कारण कुणी मोजत नाही. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची चाचणी म्हणजे उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची दाटी पाहणे. चाकांवर भार नसतो. नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाही. चिप टाकलेली गाडी ही परीक्षा सहज पार करते आणि मालकाला वाटते, माझी गाडी स्वच्छ आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर आरोप ठेवला की तिच्या डिझेल गाड्यांतला प्रोग्राम चाचणी ओळखतो आणि तेवढ्यापुरताच धूर कमी करतो. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा तो प्रश्न निघाला. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. आपण भारतातले नियम मोडलेले नाहीत, असे तिचे म्हणणे होते. तरी राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये तिला ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या काळात आपण सगळे संतापलो होतो, आणि ते योग्यच होते. चाचणीत एक आणि रस्त्यावर एक, अशी गाडी विकणे ही फसवणूक आहे. मग चाचणीत पास झालेली गाडी घरी आणून तिचा प्रोग्राम आपणच बदलला, तर श्वास घेणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक पडला?

एका गाडीने काय होते, हे उत्तर मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या त्याच संस्थेने २०२० साली एक अंदाज मांडला. तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांचे प्रदूषण नियंत्रण दहा वर्षांत मालकांनी काढून टाकले होते, आणि त्यातून बाहेर पडणारे जादा नायट्रोजन ऑक्साइड रस्त्यावर ९० लाख नवे ट्रक आणण्याइतके होते. ही सगळी माणसे एकेक गाडीचीच मालक होती. आपल्याकडेही डीपीएफ काढून, ईजीआर बंद करून देणारे लोक आहेत. साधी चिप तेवढी वाईट नसते, पण डीपीएफ पुन्हा पुन्हा चोंदू लागला की मालक शेवटी त्याच दुकानात जातो.

‘गाडी माझी, पैसा माझा’ या युक्तिवादाला मी हलका मानत नाही. आपल्या वस्तूवर आपला हक्क असावा, ती उघडून पाहावी, दुरुस्त करावी, सुधारावी, या वृत्तीतूनच कोल्हापूरच्या वर्कशॉपपासून मोठ्या उद्योगांपर्यंत सगळे उभे राहिले. पण सीटचे कव्हर, म्युझिक सिस्टीम, सस्पेन्शनची स्प्रिंग आणि सायलेन्सरमधून बाहेर पडणारी हवा यांत फरक आहे. शेवटची गोष्ट माझ्या गाडीतून निघाली तरी माझी राहत नाही.

कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आरटीओ बॉक्स शोधत फिरत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र अपघातानंतर गाडी बारकाईने पाहतो, आणि न कळवलेला बदल हे दावा नाकारायचे कारण ठरू शकते. इंजिनाची वॉरंटीही अशीच जाते. रिमॅप केल्याची खूण अनेक ईसीयू स्वतःत जपून ठेवतात आणि सर्व्हिस सेंटरच्या यंत्राला ती दिसते.

चिपच्या बाजूने मांडला जाणारा सुरक्षित ओव्हरटेकचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. छोट्या टर्बो डिझेलमध्ये १,८००-२,००० आरपीएमच्या खाली दम नसतो, आणि वरंध घाटाच्या वळणावर पुढचा ट्रक मागे टाकून निघताना तो लॅग जिवावर बेतू शकतो. पण याचे पहिले उत्तर गिअर खाली घेणे हे आहे. गाडी तिसऱ्यावरच घाट चढली पाहिजे, गिअर बदलावा लागला म्हणजे गाडीत दम नाही, असा एक समज आपल्याकडे पक्का बसला आहे. ज्याला त्याहून जास्त ताकद खरोखरच हवी आहे, त्याने घेतानाच जास्त ताकदीचे इंजिन घ्यावे. त्याच्याबरोबर मोठे ब्रेक, मोठा क्लच आणि चाचणीचा दाखला येतो.

हौस मोडावी असे मला वाटत नाही. जर्मनीत गाडीची ताकद वाढवता येते. त्यासाठी तपासणी होते, धूर आणि ब्रेक पाहिले जातात, आणि नवा आकडा गाडीच्या कागदपत्रांत लिहिला जातो. विमा कंपनीला तो कळतो, पुढच्या मालकालाही कळतो. आपल्याकडे सीएनजी किटसाठी हाच रस्ता आहे: मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्र, आरसीवर नोंद. तोच रस्ता ट्यूनिंगला का नसावा? डायनोवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांनी एकत्र येऊन रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ही मागणी करावी, आपले नकाशे एआरएआयच्या चाचणीला लावावेत. जो नकाशा बीएस-६च्या आत राहील आणि गिअरबॉक्सच्या मर्यादेत बसेल, तो उजळ माथ्याने विकला जावा. त्यातून मिळणारी वाढ २५ टक्क्यांऐवजी कदाचित ८-१० टक्केच असेल. तेवढीच खरी आपली.

तो रस्ता होईपर्यंत नव्या डिझेल गाडीला हात लावू नये. आणि ज्यांनी आधीच चिप बसवली आहे, त्यांनी ती काढून घ्यावी. काढायची नसेल तर विमा कंपनीला लेखी कळवावे, आणि गाडी विकतील त्या दिवशी घेणाऱ्याने न विचारताही त्याला सांगावे.